मॅकलॉक मंत्री म्हणून नव्हे, कॅशियर म्हणून वाचावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या जुन्या नोटांवरील चेहऱ्यांविषयी लेख आला. त्यात ह्यू मॅकलॉक यांच्या वाट्याला दोन ओळी आल्या आणि दोन्ही चुकल्या. 'यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी ग्रीनबॅक नोटा काढणारा अर्थमंत्री' ही पहिली. ग्रीनबॅक म्हणजे सोन्याचा आधार नसलेल्या सरकारी नोटा. त्या काढल्या सॅमन चेस अर्थमंत्री असताना, फेब्रुवारी १८६२ च्या कायद्याने. मॅकलॉक तेव्हा इंडियाना राज्यातल्या एका बँकेचे अध्यक्ष होते. पुढे मंत्री झाल्यावर त्यांनी नेमके उलटे काम अंगावर घेतले: त्याच ग्रीनबॅक बाजारातून गोळा करून रद्द करण्याचे. दुसरी ओळ म्हणते, ते 'निवडणुकीच्या राजकारणातून वर आले'. मॅकलॉक यांना एकही सरकारी पद मतपेटीतून मिळालेले नाही. चलन नियंत्रक (राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) म्हणून एकदा आणि अर्थमंत्री म्हणून दोनदा त्यांची नेमणूक झाली. लिंकन, जॉन्सन आणि आर्थर अशा तीन राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली त्यांनी काम केले, आणि त्यांना बोलावले गेले ते कर्ज कसे द्यावे आणि कसे नाकारावे हे त्यांना कळत होते म्हणून.

दुरुस्ती एवढीच असती तर चार ओळींचे पत्र पुरले असते. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नागरी बँका आणि पतसंस्थांच्या सभासदांना या माणसाकडून घेण्यासारखे बरेच आहे. म्हणून जरा सविस्तर.

मॅकलॉक यांचा जन्म ७ डिसेंबर १८०८ चा, मेन राज्यातल्या केनेबंक या किनाऱ्यावरच्या गावातला. जहाजे बांधणारे, मालाची ने-आण करणारे गाव. वडिलांचाही धंदा जहाजांचाच, तो १८१२ च्या इंग्लंडबरोबरच्या युद्धात बुडाला. बोडन कॉलेजातले शिक्षण आजारपणाने अर्धवट सुटले. मग शाळामास्तरकी, मग बॉस्टनला वकिलीचा अभ्यास आणि १८३३ साली पश्चिमेकडे प्रयाण. फोर्ट वेन हे त्या वेळी जेमतेम वसलेले गाव. तिथे १८३५ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियानाची शाखा निघाली आणि बँकेचा काडीचा अनुभव नसलेल्या या वकिलाला कॅशियर आणि व्यवस्थापक नेमले. पुढची वीस-बावीस वर्षे ते त्याच टेबलाशी होते.

ती बँक समजून घ्यावी अशी आहे. १८३४ च्या सनदेने ती उभी राहिली. निम्मे भांडवल राज्याचे, निम्मे खासगी भागधारकांचे. प्रत्येक शाखा आपल्या नफ्याची मालक. पण एखादी शाखा बुडाली तर तिच्या देण्याला बाकी सगळ्या शाखा बांधलेल्या. त्यामुळे झाले असे की फोर्ट वेनच्या कॅशियरला शंभर मैलांवरच्या शाखेचे कर्जखाते आपल्याइतकेच महत्त्वाचे वाटू लागले. शेजारची शाखा कोणाला किती देते याची चौकशी हा शिष्टाचाराचा भंग उरला नाही, ती गरज झाली. तपासणीला मुख्य कचेरीचा माणूस येई तो वेगळाच.

त्याच सनदेतले एक कलम आमच्या मते सोन्याचे आहे. ५०० डॉलरवरचे कर्ज असेल तर संचालक मंडळाच्या सातपैकी पाच हिश्शांचे मत लागे आणि कोणी 'हो' म्हटले, कोणी 'नाही' म्हटले हे नावानिशी इतिवृत्तात लिहावे लागे. कायदा मोडून दिलेल्या कर्जात नुकसान झाले तर संचालक व्यक्तिशः जबाबदार. सुटका फक्त त्याची, ज्याचा विरोध इतिवृत्तात नोंदलेला आहे. आपल्याकडचे इतिवृत्त काढून बघा. 'सर्वानुमते मंजूर' हे दोन शब्द इतके सराईतपणे लिहिलेले असतात की सभेत कोणी तोंड उघडले होते का, हेही कळत नाही. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८८ ची, म्हणजे नुकसानीची जबाबदारी ठरवणारी, चौकशी लागली की प्रत्येक संचालक सांगतो, 'माझा विरोध होता'. असेल. पण तो कागदावर कुठे आहे?

कर्ज द्यायचे कशाला, यातही इंडियानाच्या बँकेची पद्धत ठरलेली होती. डुकराचे मांस, गहू, गुरे असा माल बाजाराकडे निघाला की त्यावर हुंडी लिहायची, माल न्यू ऑर्लिन्सला किंवा पूर्वेकडे विकला की हुंडीचे पैसे तिथेच वसूल. कर्जाची मुदत मालाच्या प्रवासाएवढी. जमीन तारण घेऊन वर्षानुवर्षे पैसा अडकवण्याकडे कल नव्हता, कारण ठेवीदार आणि नोटधारक (तेव्हा बँका स्वतःच्या नोटा काढत) उद्या सकाळी दारात उभा राहू शकतो आणि जमीन उद्या सकाळी विकली जात नाही.

हे हापूसला लावून पाहा. फवारणी, राखण आणि पेट्यांसाठी कर्ज उचलले जाते पावसाळा सरता सरता. मोहोर नोव्हेंबर ते जानेवारी, पैसा हातात येतो मार्च ते मे. मध्ये अवकाळी पाऊस, तुडतुडा, फुलकिडे. कर्जाला तारण म्हणून घेतला जातो सात-बारा, आणि इथेच गाडी रुतते. कोकणातला सात-बारा बहुधा सामाईक असतो. बारा हिस्सेदार, त्यातले सात मुंबईत, दोघांच्या वारसनोंदी झालेल्या नाहीत. बोजा चढवला तरी तो एका हिश्शावर, आणि वाटणी झालेली नसताना त्या हिश्शाचा लिलाव करून घेणार कोण? त्याच सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला हातात घेऊन वसुली अधिकारी बागेत जातो तेव्हा कुठले झाड कर्जदाराचे हे दाखवायला कोणी पुढे येत नाही. बाग कराराने घेतलेली असेल तर तेवढाही आधार नाही.

त्याऐवजी बघायचा तो माल. मागच्या तीन हंगामांच्या वाशीच्या घाऊक बाजारातल्या हिशेबपट्ट्या, म्हणजे दलालाने दिलेले विक्रीचे हिशेब, मागाव्यात; बिनसहीच्या प्रती नव्हे, दलालाच्या सहीशिक्क्याच्या. पट्टीत उचल किती कापली गेली ते आधी वाचावे. दलालाने हंगामापूर्वी उचल दिलेली असेल तर पट्टीतून पहिला पैसा त्याचा, बँकेचा नंबर दुसरा. आणि पीक अर्धे आले तर दुसऱ्या नंबराला काही उरत नाही. फळ धरणारी झाडे मोजावीत, पीक पाहणीतला आकडा गृहीत धरू नये. पट्टीची रक्कम थेट कर्जखात्यात जमा करण्याचे कर्जदाराचे पत्र दलालाकडे पोचते करावे आणि पोच फायलीत लावावी. तारण जमिनीचे असले तरी फेड आंब्यातूनच व्हायची आहे, हे फोर्ट वेनच्या कॅशियरला १८४० साली कळले होते.

नौकांचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बारा समान मासिक हप्ते बांधले की जून-जुलैचे दोन हप्ते थकणार हे कर्ज देतानाच ठरते, आणि ऑगस्टमध्ये खलाशांची उचल, जाळी, इंजिनाची दुरुस्ती यांत आलेला पैसा जातो. हप्ते सप्टेंबर ते मे असे नऊ ठेवले तर थकबाकीचा आकडा आपोआप खरा बोलू लागतो.

१८३७ च्या मंदीत इंडियानाच्या बँकेनेही नोटांबदली सोने-चांदी देणे थांबवले होते, ते १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पण बँक बुडाली नाही. सनद संपली तेव्हा राज्याच्या वाट्याला आलेला तीस लाख डॉलरहून अधिक नफा शाळांच्या निधीत गेला. तिच्या जागी आलेल्या बँक ऑफ द स्टेट ऑफ इंडियानाचे मॅकलॉक अध्यक्ष झाले. लगेच १८५७ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये एक मोठी ट्रस्ट कंपनी कोसळली आणि देशभरच्या बँकांनी सोने देणे बंद केले. ज्या मोजक्या बँकांनी काउंटर उघडा ठेवला त्यांत मॅकलॉक यांची होती.

वॉशिंग्टनला ते गेले १८६२ मध्ये, राष्ट्रीय बँका, म्हणजे केंद्र सरकारच्या सनदेवरच्या बँका, उभारण्याच्या विधेयकाला विरोध करायला. कारण उघड होते, ते विधेयक त्यांच्यासारख्या राज्य बँकांच्या मुळावर येणारे होते. फेब्रुवारी १८६३ मध्ये कायदा झाला आणि चेस यांनी पहिला चलन नियंत्रक म्हणून याच विरोधकाला बोलावले. विरोधकाला खुर्ची देऊन गप्प करणे आपल्याला ठाऊक आहे. इथे विरोधकाने खुर्चीवर बसून कायद्याचे दोष काढले आणि १८६४ च्या जूनमध्ये सुधारलेला कायदा आला. एक बारीकशी पण मोलाची गोष्ट त्यांनी चेस यांच्या गळी उतरवली. चेस यांना सगळ्या बँकांची नावे 'फर्स्ट नॅशनल', 'सेकंड नॅशनल' अशी क्रमांकाची हवी होती. मॅकलॉक म्हणाले, पन्नास वर्षे नाव कमावलेली बँक ते नाव टाकून तुमच्या क्रमांकासाठी येणार नाही. जुनी नावे ठेवू दिली, आणि मोठ्या बँका आत आल्या.

त्याआधी अमेरिकेत दीडेक हजार बँका आपापल्या नोटा काढत. नोटांचे हजारो नमुने, त्यात खोट्या वेगळ्या. दुकानदार गल्ल्याशेजारी खोट्या नोटांची यादी छापलेले मासिक ठेवी आणि लांबच्या बँकेची नोट कसर कापून घेई. काही बँका तर मुद्दाम दलदलीच्या आडगावात काढलेल्या, म्हणजे नोट वटवायला कोणी पोचूच नये.

नवी पद्धत अशी. किमान पाच जणांनी एकत्र यायचे. गावाची वस्ती ६,००० पर्यंत असेल तर भांडवल किमान ५०,००० डॉलर, ५०,००० वस्तीपर्यंत एक लाख, त्यापुढे दोन लाख. निम्मे भांडवल दार उघडण्यापूर्वी रोख भरलेले हवे, उरलेले दरमहा किमान १० टक्क्यांनी. भांडवलाच्या एक तृतीयांश, पण ३०,००० डॉलरपेक्षा कमी नाही, एवढे सरकारी रोखे वॉशिंग्टनला ट्रेझरीकडे ठेवायचे. त्या बदल्यात रोख्यांच्या बाजारभावाच्या ९० टक्के नोटा मिळायच्या. भाव दर्शनी किमतीच्या वर गेला तरी हिशेब दर्शनी किमतीवरच, आणि भाव पडला तर बँकेने भर घालायची. नोटा न्यूयॉर्कच्या खासगी छापखान्यांत चार-चारच्या तक्त्यांत छापल्या जात: पाचच्या चार, किंवा दहाच्या तीन आणि वीसची एक. तक्ता बँकेत आला की अध्यक्ष आणि कॅशियर प्रत्येक नोटेवर शाईने सही करत, मग कात्रीने नोटा सुट्या करून काउंटरवर जात. जुन्या नोटांची कडा कधी कधी तिरकी दिसते ती या कात्रीमुळे.

बँकेचा फायदा दुहेरी होता. एक लाखाचे सहा टक्क्यांचे रोखे ठेवले तर वर्षाला ६,००० डॉलर व्याज, तेही सोन्यात. शिवाय ९०,००० च्या नोटा कर्जाने फिरवून त्यावर वेगळे व्याज, नोटांवरचा एक टक्का कर वजा जाता. शेतकरी चिडले यात नवल नव्हते. एवढे आमिष दाखवूनही राज्य बँका पुरेशा येईनात, तेव्हा मार्च १८६५ मध्ये त्यांच्या नोटांवर १० टक्के कर बसवला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात राज्य बँकांच्या नोटा बाजारातून नाहीशाच झाल्या.

यात वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यावा. बँक बुडाली तर ट्रेझरी रोखे विकून नोटधारकाला पूर्ण पैसे देई. ठेवीदाराला असे संरक्षण काहीही नव्हते, त्याने अवसायकाच्या (बुडालेल्या बँकेचा हिशेब मिटवणाऱ्याच्या) दारात उभे राहायचे. आज आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. नावात 'अर्बन' आणि दारावर काचेचे तावदान असले म्हणून ती बँक होत नाही, आणि हा फरक ठेव ठेवणाऱ्या निम्म्या लोकांना अजून माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबर १८६३ मध्ये चलन नियंत्रक मॅकलॉक यांनी सगळ्या राष्ट्रीय बँकांना एक पत्र पाठवले. कायद्याची भाषा नाही, कलमांचे आकडे नाहीत. अनुभवी कॅशियरने नव्या कॅशियरला सांगावे तसे. त्यातली काही सूत्रे आमच्या शब्दांत देतो.

कर्जे वाटून द्या, मूठभरांच्या हाती देऊ नका. मोठा कर्जदार शेवटी बँकच चालवू लागतो, आणि तसे झाले की सरतेशेवटी कोण भोगणार हे सांगायला नको. १८६४ च्या कायद्यात याला आकडा मिळाला: एका कर्जदाराला भरणा झालेल्या भांडवलाच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. आपल्या नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेने २०२० पासून मर्यादा घातली आहे ती टियर-१ भांडवलाच्या (मुख्यतः भाग भांडवल आणि राखीव निधी) १५ टक्के एकाला, २५ टक्के एका गटाला. चार कोटी टियर-१ असलेल्या बँकेला एका कर्जदारासाठी कमाल ६० लाख. मर्यादा मोडली जाते ती आकडा ओलांडून नव्हे, नावे फोडून. नवरा, बायको, भाऊ, मेहुणा, ड्रायव्हर, अशी पाच नावे आणि नौका एकच. तपासणीत हे पकडायचे तर जामीनदारांची साखळी मांडावी: अ ला ब जामीन, ब ला क, क ला पुन्हा अ. वर्तुळ पूर्ण झाले की ते एकच कर्ज समजावे. दुसरी खूण म्हणजे पाच खात्यांचे पैसे दोन-तीन दिवसांत एकाच चालू खात्यात जमा झालेले असतात.

पैसे परत आले तर दुसरीकडे कुठे लावू, या विवंचनेने जुने कर्ज नवे करून देऊ नका. यासाठी आपल्याकडे स्वतंत्र शब्दच आहे: नवं-जुनं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवे कर्ज मंजूर, त्याच दिवशी जुने बंद, आणि काउंटरवरून एक रुपया बाहेर गेलेला नाही. नव्या कर्जाची रक्कम आणि जुन्या कर्जाची मुद्दल अधिक व्याज यांत फरक असतो तो शेअर्सच्या कपातीचा आणि प्रक्रिया शुल्काचा. एप्रिलमध्ये अहवालात 'थकबाकी घटली' असे छापून येते. ओळखायला सोपे आहे: २० ते ३१ मार्चमधली कर्जवाटपाची यादी आणि त्याच दिवसांतली बंद झालेल्या कर्जांची यादी शेजारी ठेवावी. सगळेच नूतनीकरण वाईट असे नाही. मोहोर करपला तर मुदत वाढवावीच लागते. पण ती मुदतवाढ म्हणून लिहावी, नवे कर्ज म्हणून नव्हे.

मागणी योग्य आहे का याची शंका आली तर शंकेचा फायदा बँकेला द्या आणि नाही म्हणा. ग्राहकाशी उदारपणे वागा, कारण त्याचे चालले तर बँकेचे चालते. पण धोरण त्याला ठरवू देऊ नका.

नोकरांना इतका पगार द्या की चोरी न करता त्यांना सुखाने, इभ्रतीने राहता येईल. कोणी मिळकतीपेक्षा जास्त खर्चाने राहत असेल तर त्याला काढा; त्याने प्रामाणिक खुलासा दिला तरी काढा. दुसरे वाक्य आजच्या कामगार कायद्यात बसणार नाही आणि आम्हालाही ते कठोर वाटते. पहिले मात्र जसेच्या तसे घ्यावे. दिवसाला दीड-दोनशे दारे फिरणाऱ्या पिग्मी एजंटच्या पदरात कमिशनचे जे काही पडते, त्यात घर चालत नसेल तर गोळा केलेली रक्कम दोन दिवस उशिरा भरण्याचा मोह होणारच. उपाय आहे आणि स्वस्त आहे: दर तिमाहीला दहापैकी एका खातेदाराच्या घरी एजंटऐवजी दुसऱ्या कर्मचाऱ्याने जाऊन पुस्तकातली शिल्लक संगणकातल्या शिलकीशी ताडून पाहायची. नावांची यादी एजंटला आधी कळू द्यायची नाही.

भांडवल खरे असावे, कागदी नको. आणि ते ज्यांच्याकडे उसना द्यायला पैसा आहे त्यांचे असावे, कर्ज मागणाऱ्यांचे नको. हे सूत्र सहकाराच्या तत्त्वालाच छेद देते, कारण सहकारात कर्जदार हाच सभासद, तोच मालक. आम्ही ते अक्षरशः घ्या असे म्हणणार नाही. पण त्यातला इशारा खरा आहे. तारणी कर्जाच्या अडीच टक्के, बिनतारणी कर्जाच्या पाच टक्के शेअर्स पुष्कळ ठिकाणी कर्जातूनच कापले जातात. एक कोटीचे तारणी कर्ज वाटले की अडीच लाखांनी भाग भांडवल वाढते, आणि ते अडीच लाख बँकेचेच असतात. हे भांडवल कर्ज वाढवून वाढते. राखीव निधी मात्र असा फुगवता येत नाही. अहवालात आधी तो पाहावा.

आणि शेवटचे सूत्र, ज्याने अमेरिकेतले बँकवाले आजही हसतात: 'चमकदार' अर्थकारण हे खरे बँकिंग नव्हे, आणि चमकदार बँकवाले बहुतेक करून एक तर ढोंगी असतात नाही तर लबाड.

याच १८६३ साली मुंबईत काय चालले होते? त्या वर्षीच्या १० व्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरचे जुने निर्बंध सैल केले आणि कंपन्यांचे शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकेतल्या युद्धाने इंग्लंडला तिथला कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर बॅक बे भराव (समुद्र हटवून जमीन करणारी कंपनी) आणि आणखी कित्येक कंपन्यांचे शेअर चढले. कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँकेची तिजोरी उघडू लागली. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले, कापूस घसरला, १ जुलै १८६५ चे वायदे कोणाला पुरे करता आले नाहीत. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. चौकशी करणाऱ्या जॅक्सन आयोगाने बोट ठेवले ते सैल झालेल्या निर्बंधांवर, अप्रामाणिक सचिवांवर आणि झोपलेल्या संचालकांवर. मॅकलॉक यांचे पत्र नेमके याच तीन गोष्टींविषयी होते.

आता मंत्री म्हणून. मार्च १८६५ मध्ये लिंकननी त्यांना अर्थखाते दिले, आणि महिना-सव्वा महिन्यात लिंकन गेले. ऑगस्टअखेर सरकारी कर्ज २८० कोटी डॉलरच्या वर. खोट्या नोटांचा सुळसुळाट एवढा, की त्या पकडण्यासाठी त्याच जुलैत सीक्रेट सर्व्हिस स्थापन झाली. राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण हे तिचे काम पुष्कळ नंतरचे. मॅकलॉक यांचे मत ठाम होते: सोन्याचा आधार नसलेली ग्रीनबॅक ही युद्धकाळाची सोय, ती मागे घ्यायची. डिसेंबर १८६५ मध्ये प्रतिनिधिगृहाने १४४ विरुद्ध ६ मतांनी धोरण उचलून धरले. एप्रिल १८६६ च्या कायद्याने पहिल्या सहा महिन्यांत एक कोटी डॉलर आणि पुढे महिन्याला ४० लाखांपर्यंत नोटा मागे घेण्याची मुभा मिळाली.

आमच्या मते कॅशियर मॅकलॉक इथे चुकले. शाखेत ते कर्जदाराच्या बाजूने विचार करत, मंत्रालयात त्यांनी फक्त नोटेचा विचार केला. समजा, गहू बुशेलला (धान्याचे तिकडचे माप) दोन डॉलर असताना एकाने १०० डॉलर काढले. म्हणजे ५० बुशेलचे देणे. चलन आटले, भाव दीड डॉलरवर आला, की तेच देणे ६७ बुशेलचे होते. कागदावर कर्ज वाढलेले नाही, शेतात वाढले आहे. पश्चिमेकडचे शेतकरी आणि कर्जदार ओरडले, आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये काँग्रेसने ही मोहीम थांबवली. तोवर ग्रीनबॅक ३५ कोटी ६० लाखांपर्यंत उतरल्या होत्या. नोटांच्या बदली सोने देणे सुरू व्हायला १ जानेवारी १८७९ उजाडले.

दुसरा दोष त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेतच होता. नोटा रोख्यांना बांधलेल्या, हंगामाला नाही. कापणीच्या दिवसांत खेड्यांत रोकड लागे तेव्हा ती न्यूयॉर्कमधून ओढली जाई. १८७३ ची घबराट सप्टेंबरातली, १९०७ ची ऑक्टोबरातली, हा योगायोग नव्हे. शिवाय सगळ्या राष्ट्रीय बँकांना मिळून ३० कोटी डॉलरच्या नोटांची मर्यादा होती, ती ईशान्येकडच्या बँकांनी आधीच व्यापली आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या दक्षिणेच्या हाती फारसे लागले नाही.

पुढचे थोडक्यात. १८६९ ला मंत्रिपद संपले, अमेरिकन पेढीवाले जे कुक (Jay Cooke) यांच्या लंडनच्या पेढीत भागीदारी, १८७३ मध्ये कुकची अमेरिकेतली पेढी कोसळली. ऑक्टोबर १८८४ ते मार्च १८८५ पुन्हा अर्थमंत्री. २४ मे १८९५ ला मृत्यू. १९०२ च्या मालिकेत वीस डॉलरच्या राष्ट्रीय बँक नोटेवर त्यांचा चेहरा आला. त्याच नोटेवर ती काढणाऱ्या बँकेचे नाव, सनदेचा क्रमांक आणि कॅशियरची सही असे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. अहवाल हाती आला की सभासदांनी लेखी तीन गोष्टी मागाव्यात: सर्वात मोठ्या दहा कर्जदारगटांची एकूण बाकी आणि तिचे स्वनिधीशी, म्हणजे भाग भांडवल व राखीव निधीशी, प्रमाण (नावे नकोत, आकडे पुरेत), २० ते ३१ मार्चमध्ये वाटलेली आणि त्याच दिवशी बंद झालेली कर्जे किती, आणि वर्षभरात कर्जमंजुरीच्या किती ठरावांवर एखाद्या संचालकाचा विरोध इतिवृत्तात नोंदला गेला. तिसऱ्याचे उत्तर 'एकही नाही' असे आले तर पहिल्या दोन्ही आकड्यांची फाईल मागून घ्यावी.

आपले,
नागरी बँका व पतसंस्थांतील काही निवृत्त शाखाधिकारी आणि लेखापरीक्षक,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग